बसऱ्याला गेलेले पणजोबा कागदांत सापडतील का?

प्रश्न : आमच्या आजोबांचे वडील पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’ गेले आणि परत आलेच नाहीत, एवढंच घरात सांगितलं जातं. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात. त्यांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव माहीत आहे, पलटण माहीत नाही. फोटो नाही, पत्र नाही. मृत्यूची तिथी ठाऊक नसल्याने त्यांचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला होतं. आमचा जन्म मुंबईतला; गावी घर आणि थोडी जमीन आहे. या माणसाचं आयुष्य कागदपत्रांतून उभं करता येईल का? सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, विरार

उत्तर : येईल, पण अपेक्षा बेताची ठेवा. साध्या शिपायाचं चरित्र कुठल्या कचेरीत बांधून ठेवलेलं नसतं. त्याच्याविषयीच्या पाच-सात ओळी वेगवेगळ्या दप्तरांत विखुरलेल्या असतात आणि त्यातली प्रत्येक ओळ कारकुनाने भलत्याच कामासाठी लिहिलेली असते. ज्याला पैसे द्यायचे किंवा ज्याच्याकडून घ्यायचे, त्याचं नाव सरकारने लिहिलं. बाकीच्यांचं लिहिण्याचं त्याला कारण नव्हतं. म्हणून शोधाला निघताना हे विचारा : हा माणूस गेल्यावर कुणाला काय मिळणार होतं आणि कुणाच्या नावावर काय चढणार होतं? तुमच्या पणजोबांचा माग त्यांच्या स्वतःच्या कागदांपेक्षा मागे राहिलेल्या पणजींच्या आणि लहानग्या आजोबांच्या कागदांत जास्त लागेल.

आधी घर धुंडाळा

घरातल्या सर्वांत वयस्क बाईपासून सुरुवात करा; आत्या असेल तर उत्तमच. पुरुषांना जमिनीच्या भांडणांचा इतिहास पाठ असतो. कोण कुणाकडे वाढलं, पेन्शन आणायला कोण जायचं, ती कुठल्या पोस्टात यायची, हे बायकांना माहीत असतं. ‘पेन्शन’ हा शब्द कानावर आला तर तो लगेच टिपून घ्या. पेन्शन आली याचा अर्थ लष्कराने मृत्यू मान्य केला होता आणि वारस कोण हेही ठरवलं होतं.

मग ट्रंका, कोनाडे, देवघराचा खालचा कप्पा बघा. त्या युद्धाची दोन पदकं शिपायांच्या घरी असू शकतात : पंचम जॉर्जचा मुखवटा असलेलं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आणि पंख असलेल्या देवीची आकृती असलेलं पितळी रंगाचं व्हिक्टरी मेडल. हमाल, मजूर, खानसामे अशा बिनलढाऊ लोकांना वॉर मेडल ब्राँझचं मिळालं. पदक सापडलं तर मुखवटा सोडा, कड बघा. उजेडात तिरपं धरून भिंगातून पाहिलंत तर कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली दिसेल. तुम्हाला हवं आहे त्यातलं निम्मं त्या एका ओळीत असतं.

सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची ब्राँझची जाड तबकडी सापडली, तिच्यावर हातात पुष्पचक्र धरलेली ब्रिटानिया आणि सिंह असेल, तर ती युद्धात मेलेल्याच्या वारसांना दिलेली स्मृतिपट्टिका. तिच्यावर नाव उठावात असतं, पण हुद्दा नाही आणि पलटणही नाही. म्हणजे मृत्यूचा पुरावा मिळतो, पुढचा पत्ता मिळत नाही.

गावात एक फेरी मारा. कोकणात आणि साताऱ्याकडे काही गावांत शाळेच्या, चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवलेली आहे : या गावातून महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतके कामी आले. तिच्यावर नावं नसतात, आकडे असतात. तरी ‘कामी आले’ पुढचा आकडा दोन-तीन असेल तर तुमचं काम पुष्कळ सोपं झालं.

पलटण आणि मृत्यूची तारीख

आपल्याकडच्या घरांत ‘बसरा’ म्हणजे अख्खा मेसोपोटेमिया, आजचा इराक. बोटी बसऱ्याला लागायच्या म्हणून तेच नाव राहिलं. प्रत्यक्षात माणूस टेसिफॉनला, कुतला, बगदादजवळ किंवा थेट उत्तरेला शरकातला पडलेला असू शकतो.

त्या वेळी मराठ्यांच्या सहा पायदळ पलटणी होत्या : १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. कोकणातली भरती बरीचशी यांतच झाली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी जनरल टाउनशेंडच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनची लढाई झाली. त्यानंतर ७ डिसेंबर १९१५ पासून कुतला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने खचलेल्या फौजेने शरणागती पत्करली. हजारो हिंदी शिपाई तुर्कांचे कैदी झाले. कित्येकांना रास अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर जुंपलं आणि त्यातले पुष्कळ तिथेच संपले. पणजोबा ‘गेले ते गेलेच’ असतील आणि घरी काही कळलंच नसेल, तर ही शक्यता आधी तपासा. शिवाय कोकणी माणूस सॅपर्स अँड मायनर्समध्ये, पायोनियर पलटणींत, १९१७ साली उभारलेल्या १११ महार पलटणीत किंवा बोटीवर खलाशी म्हणूनही असू शकतो. खलाशांसाठी मुंबईत मशीद बंदरला वेगळं स्मारक आहे. बुडालेल्या बोटींवरच्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींची आठवण तिथे ठेवली आहे.

आता मुख्य साधन. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ही संस्था १९१७ साली, युद्ध चालू असतानाच, स्थापन झाली. मृत सैनिकांच्या तिच्या याद्या इंटरनेटवर फुकट पाहता येतात. हिंदी शिपायाची नोंद साधारण अशी असते : क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, मृत्यूची तारीख, स्मारक आणि शेवटी एक ओळ – ‘अमक्याचा मुलगा, अमुक गाव, अमुक तालुका, अमुक जिल्हा’. कधी ‘अमकीचा नवरा’ असंही असतं. वंशावळीच्या दृष्टीने ही शेवटची ओळ सगळ्यांत मोलाची. ती प्रत्येक नोंदीत असेलच असं मात्र नाही.

शोधताना आडनावाच्या स्पेलिंगवर विसंबू नका. लिहून घेणारा कारकून मराठी नव्हता. पवारचा पोवार, शिर्केचा सिर्के, जाधवचा जाधाव, महाडिकचा महादिक होतो. ‘ड’साठी कधी डी तर कधी आर येतो. आधी पलटण आणि गाव घालून शोधा, नाव शेवटी. एक फसगत तुमच्या तालुक्याचीच आहे : खेड पुणे जिल्ह्यातही आहे. जिल्ह्याचं नाव तपासल्याशिवाय नोंद आपली म्हणू नका. रायगड त्या काळी कुलाबा होता आणि आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता, हेही लक्षात असू द्या.

बरेच लोक दिल्लीच्या इंडिया गेटवर नाव शोधतात आणि निराश होतात. तिथे कोरलेली तेरा हजारांवर नावं मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत. मेसोपोटेमियात पडले आणि कबर सापडली नाही, अशांचं स्मारक बसऱ्याला आहे. १९२९ मध्ये त्याचं अनावरण झालं; चाळीस हजारांहून अधिक लोकांचं ते स्मारक. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकुमाने ते मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर नेऊन बसवलं. पण तिथे जाऊनही तुम्हाला पणजोबांचं नाव वाचायला मिळणार नाही. ब्रिटिश शिपायांची नावं दगडावर आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीवार नुसता आकडा कोरला. नावं राहिली वह्यांमध्ये. हा भेदभाव होता, हे कमिशनने २०२१ साली आपल्याच अहवालात कबूल केलं.

तारीख मिळाली की दोन गोष्टी करता येतात. एक, त्या दिवशी त्यांची पलटण कुठे होती ते बघा. पलटणींच्या युद्ध-रोजनिश्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये आहेत आणि त्यांतल्या मेसोपोटेमियाच्या पुष्कळशा स्कॅन झाल्या आहेत. साध्या शिपायाचं नाव त्यांत सहसा येत नाही. ‘आज इतके पडले, इतके जखमी’ एवढंच येतं. पण कूच किती मैल झाली, पाणी होतं की नाही, गोळीबार कुठून आला, हे रोजच्या रोज कळतं. दुसरी गोष्ट तुमच्या श्राद्धाची. इंग्रजी तारखेवरून तिथी काढणं आता अवघड नाही, जुनी पंचांगं संगणकावर मिळतात. एवढं मात्र पाहा की, कैदेत गेलेल्यांच्या तारखा काही वेळा अंदाजाने टाकलेल्या असतात. तुमची तशी निघाली, तर सर्वपित्रीच ठेवलेली बरी.

गावचं दप्तर

इथून पुढचा शोध तहसील कचेरीत. बरेच जण आधी गाव नमुना १४ मागतात. ही गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. तिलाच कोतवाल बुक म्हणतात. पण विचार करा : पणजोबा परदेशात वारले, कोतवालाला त्यांची वर्दी कोण देणार? त्यांचा मृत्यू त्या वहीत बहुधा नसेल. तिच्यात शोधायचा तो आजोबांचा जन्म आणि पणजींचा मृत्यू. १९१८ ची पानं जरूर उलटा. त्या वर्षी मानमोडीच्या साथीने गावंच्या गावं झोपवली. त्या पानांवर एकाच घरातली दोन-तीन नावं लागोपाठ दिसतात आणि कारणाच्या रकान्यात नुसतं ‘ताप’. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा या वह्या आणि शाळांची रजिस्टरं गावोगाव तपासली गेली. सापडलेल्या नोंदींची पानं जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. तुमच्या गावचं पान तिथे असेल तर हेलपाटा वाचेल.

खरा खजिना फेरफारात आहे. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात जमिनीची हक्कनोंदणी सुरू झाली. खातेदार मेला की वारस लावायचा आणि तो फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, चढवायचा. वारसांची चौकशी ६-क मध्ये सापडते. तुमच्या घरची नोंद मिळाली, तर ती साधारण अशी असेल : खातेदार अमुक मयत, वारस मुलगा अमुक, वय वर्षे चार, अ.पा.क. आई अमुक. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. या दीड ओळीत आजोबांचं वय आहे, पणजींचं नाव आहे, त्या तेव्हा हयात होत्या आणि मुलगा त्यांच्याजवळच होता हेही आहे. पालनकर्ता म्हणून आईऐवजी चुलत्याचं नाव असेल, तर पणजी माहेरी गेल्या, वारल्या की घरात त्यांचं काही चाललं नाही, हा पुढचा प्रश्न तुमच्यासमोर येतो.

नोंद सापडली नाही म्हणून खट्टू होऊ नका. पणजोबा धाकटे असतील तर जमीन थोरल्या भावाच्या नावावर, पुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, अशी असेल. मग फेरफार त्या भावाच्या मृत्यूचा किंवा वाटपाचा शोधायचा, आणि तो पुष्कळदा वीस-वीस वर्षांनी होतो. कर्ज काढायची वेळ येईपर्यंत वारस लावायला कोण कशाला जातंय! शिवाय रत्नागिरी जिल्हा खोतीचा. खोती गावांत १८८० च्या कायद्याखाली बोटखतं झाली. कुळांची आणि त्यांच्या जमिनींची नावनिशी त्यांत आहे. पणजोबांचे वडील तिथे सापडू शकतात.

काही जिल्ह्यांचे जुने फेरफार आणि सातबारे महसूल खात्याच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर दिसतात. नाही तर अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावून तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मागायची. जाण्याआधी गावच्या तलाठ्याकडून, म्हणजे हल्लीच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, जुने सर्व्हे नंबर लिहून घ्या. ‘पणजोबांची माहिती द्या’ म्हटलं की कारकून हात वर करतो. ‘सर्व्हे नंबर अमुक, फेरफार नंबर अमुक’ म्हटलं की उठून कपाटाकडे जातो.

शेवटी शाळा. आजोबा लोकल बोर्डाच्या मराठी शाळेत गेले असतील, तर प्रवेश-निर्गम उताऱ्यात वडिलांच्या नावाबरोबर पालकाचं नावही मिळू शकतं. जन्मतारीख १ जून दिसली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. मास्तरांनी शाळेच्या सोयीने लावलेली ती तारीख निम्म्या महाराष्ट्राच्या दाखल्यावर आहे.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांना विसरू नका. आडनाव, जात आणि मूळ गाव सांगितलं की तुमच्या कुळाचे उपाध्याय कोण हे तिथे कळतं आणि ते वही काढतात. पणजोबांचा कुणी भाऊ तिथे गेला असेल, तर त्याने भावंडांची नावं सांगितलेली असतील, कदाचित स्वतःच्या हाताने सहीही केली असेल.

जुळलं, पण तोच का?

एका गावात एकाच नावाचे दोन-तीन जण असणं कोकणात नवीन नाही. शिपायाचा क्रमांकही भरवशाचा नाही, कारण तो पलटणीपुरता होता. तोच क्रमांक दुसऱ्या पलटणीत दुसऱ्याचा असे. त्यातून एका पलटणीची माणसं तुकड्या करून दुसरीला जोडली जात. म्हणून वडिलांचं नाव, गाव-तालुका-जिल्हा आणि काळ, या तीन खुणा एकमेकींना दुजोरा देत असतील तरच ‘आपला’ म्हणा. दोनच जुळल्या तर पेन्सिलीने लिहा. वंशावळीत एकदा शाईने चढलेलं चुकीचं नाव पुढच्या पिढ्या पुरावा म्हणून वापरतात.

प्रश्न : नमुना १४ ची नक्कल मिळाली, पण ती मोडीत आहे. मोडी शिकल्याशिवाय मार्ग नाही का?
— एक वाचक, कराड

उत्तर : पूर्ण शिकायची गरज नाही. तुम्हाला बखर वाचायची नाही, चार नावं ओळखायची आहेत. आपलं आडनाव, गावाचं नाव आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या फिरणारी नावं मोडीत कशी दिसतात ते जाणकाराकडून लिहून घ्या आणि कागद पुढ्यात ठेवून ताडून पाहा. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरं लटकवतात, शब्द सुटे करत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. सुरुवातीला सगळी रांगोळी वाटते. पण नोंदवहीचे रकाने ठरलेले असल्याने कुठे नाव, कुठे जात, कुठे तारीख हे आधीच माहीत असतं. वर्ष फसली असेल तर दक्षिणेच्या हिशेबाने ५९० मिळवा, शकाचं असेल तर ७८. एखाद्या वर्षाचा फरक महिन्यावरून पडतो. जमलं नाही तर पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतात; लिप्यंतर करून देणारे जाणकार तिथेच भेटतात. जातपडताळणीला लावायचा कागद असेल, तर अधिकृत लिप्यंतरच घ्या, मित्राचं वाचन चालत नाही.

प्रश्न : पुरुषांची वंशावळ सहा पिढ्यांची झाली. पणजीचं माहेर मात्र कुणालाच सांगता येत नाही. ते कुठे शोधायचं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अवघड प्रश्न आहे. लग्नात बाईचं आडनाव बदलायचं आणि पुष्कळ घरांत पाळण्यातलं नावही. नमुना १४ मध्ये तिचा जन्म असला तरी बहुधा ‘मुलगी’ एवढाच. कारण नोंद बारशाच्या आधी व्हायची. म्हणून सासरच्या कागदांत तिचं माहेर शोधण्यापेक्षा उलटं करा. आजोबांचं आजोळ कुठलं, लहानपणी ते कुठल्या गावाला राहायला जात, त्यांच्या मुंजीला किंवा लग्नाला मामा म्हणून कोण उभं राहिलं, ते विचारा. गाव कळलं की तिथले फेरफार बघा. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यावर बापाच्या जमिनीत मुलींची नावं लागू लागली, आणि लागलीच ती काढून टाकण्यासाठी हक्कसोडपत्रंही होऊ लागली. पणजी त्यानंतर हयात असतील किंवा त्यांच्या वाट्याला त्यांची मुलं उभी राहिली असतील, तर अशा हक्कसोडपत्रात बहिणीचं सासरचं पूर्ण नाव, गाव आणि वडिलांचं नाव एकाच वाक्यात मिळतं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत त्याची नक्कल निघते.

तुमच्या भागात हेळवी येत असतील तर त्यांनाही विचारा. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात कुळांच्या वंशावळी सांभाळणारे हे लोक. कुणाची सोयरीक कुठे झाली हे त्यांच्याकडे निघू शकतं.

आणि वंशावळीचा तक्ता काढाल तेव्हा प्रत्येक सुनेच्या नावापुढे तिच्या वडिलांचं नाव आणि गाव लिहायचा एक रकाना ठेवा. आज घरात असलेल्या सुनांपासूनच तो भरायला घ्या. त्यांना विचारायला अजून कुठल्या कचेरीत जावं लागत नाही.